रिमोट टीममध्ये माहिती नक्की कुठे अडते?

अबोली_क:

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. आमची टीम पूर्ण रिमोट आहे, माणसं तीन-चार टाइमझोनमध्ये विखुरलेली. टूल्सची अजिबात वानवा नाही, चॅट आहे, विकी (टीमची सगळी माहिती लिहून ठेवायची सामायिक पानं) आहे, कामांची नोंद ठेवणारी टिकेट सिस्टीम आहे, कॉलचं रेकॉर्डिंगसुद्धा आपोआप होतं. तरी एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणजे नाहीच.

अगदी अलीकडचा प्रसंग सांगते. रात्री आपोआप चालणारा एक जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी चालणारा प्रोग्राम, फेल झाला आणि सकाळचा रिपोर्ट अर्धवट निघाला. काम आलं टीममध्ये नुकत्याच जॉईन झालेल्या मुलीकडे. तिने विकीवर शोधलं, पान सापडलं, पण त्यावर सर्व्हरचं नाव जुनं, जो सर्व्हर कधीच बंद झालाय. मग तिने ग्रुपवर न विचारता एका सिनियरला पर्सनल मेसेज केला. त्याच्याकडे तेव्हा मध्यरात्र. तो उठला, त्याने मनापासून उत्तर दिलं, "ती लॉक फाईल आधी डिलीट कर आणि मग जॉब परत चालव" (लॉक फाईल म्हणजे जॉब चालू असल्याची खूण, ती मागे राहिली की तो परत सुरू होत नाही), तिने तसं केलं, काम झालं, तिने थँक्यू म्हटलं. नंतर बोलता बोलता कळलं की काही महिन्यांपूर्वी टीममधल्या दुसऱ्याच एकाने त्याच सिनियरला हेच विचारलेलं आणि त्याने हेच उत्तर दिलेलं, तेही पर्सनलवरच. विकीचं पान मात्र अजून जसंच्या तसं.

यात वाईट कोण वागलं? कोणीच नाही. मुलीने कष्ट घेतले, सिनियरने मदत केली, कोणी काही लपवलं नाही. तरी टीमला त्यातून काही मिळालं नाही आणि पुढच्या वेळी तिसरा कोणीतरी पुन्हा शून्यापासून सुरुवात करणार.

मी तिला विचारलं की ग्रुपवर का नाही टाकलंस. म्हणाली, "एवढ्या लोकांसमोर साधा प्रश्न विचारायला कसंतरी वाटतं, आणि कोण कामात आहे ते कळत नाही." मला वाटतं घोडं पेंड खातं ते इथे. समोरासमोर बसलेलो असताना प्रश्न विचारायला काहीच लागत नाही, मान वर करून बघायचं, समोरचा मोकळा दिसला की विचारायचं. स्क्रीनवर त्याच प्रश्नाआधी माणूस दहा वेळा विचार करतो, वाक्य लिहितो, खोडतो, परत लिहितो. विचारणं महाग झालं की माहितीचा प्रवास तिथेच थांबतो, मग टूल कितीही भारी असो.

तुमच्या टीममध्ये काय होतं? कशामुळे लोक मोकळेपणाने सांगतात आणि कशामुळे हात आखडता घेतात? फक्त आयटीवाल्यांनीच लिहावं असं नाही, लांब राहून एकत्र काम करणाऱ्या सगळ्यांनी लिहा.

गवतफूल:

वाचतेय. लॉक फाईलचा किस्सा अगदी आमच्याकडचाच वाटला.

मनमोर:

चांगला विषय. मी याच क्षेत्रात थोडं संशोधनाचं काम करतो म्हणून दोन गोष्टी भर घालतो.

अंतराचा परिणाम रिमोट कामाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन करणाऱ्या इंजिनियर लोकांचा अभ्यास केला, कोण कोणाशी कामाबद्दल किती बोलतं आणि त्यांची टेबलं एकमेकांपासून किती लांब आहेत. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं आणि साधारण ५० मीटरच्या पुढे गेलं की जवळजवळ नगण्य. म्हणजे एकाच इमारतीत वेगळ्या मजल्यावर बसणारा माणूससुद्धा बऱ्यापैकी रिमोटच असतो. फरक इतकाच की त्याच्याबद्दल उडत उडत काहीतरी कानावर येत राहतं.

दुसरा अभ्यास त्या मानाने अलीकडचा. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टमधले सगळे घरून काम करायला लागले तेव्हा त्यांच्या अमेरिकेतल्या ६१,००० हून जास्त कर्मचाऱ्यांच्या ईमेल, मेसेज, कॉलच्या नोंदी (मजकूर नव्हे, कोणी कोणाशी संपर्क केला एवढंच) तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं की लोकांचे कोंडाळे घट्ट झाले, आपल्या नेहमीच्या माणसांशी संपर्क टिकला पण दुसऱ्या गटांशी जोडणारे धागे कमी झाले, समोरासमोर किंवा कॉलवर बोलणं घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. नवीन माहिती बहुतेक वेळा याच सैल, कधीतरीच भेटणाऱ्या ओळखींमधून येते. जवळच्या माणसांना आपल्याला जे माहीत असतं तेच माहीत असतं.

त्यामुळे अबोलीताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण त्याला एक जोड देतो. त्या मुलीला त्या सिनियरचं नाव निदान माहीत होतं. बऱ्याचदा कोणाला विचारायचं हेच माहीत नसतं.

दीपमाळ:

मी टीम लीड आहे, रिमोट टीम सांभाळते. "सगळे प्रश्न ग्रुपवरच विचारा" असा नियम आमच्याकडे वरून आला होता. काय झालं सांगू? पर्सनल मेसेज कमी झाले, पण ग्रुपवरचे प्रश्न वाढले नाहीत. लोकांनी विचारणंच कमी केलं. जो तो स्वतःच तासन् तास झगडत बसायला लागला कारण ग्रुपवर मोठे साहेब पण होते.

एमी एडमंडसन या संशोधिकेचं एक जुनं काम आहे, ते मला फार पटतं. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, औषधं देताना होणाऱ्या चुकांचा. अपेक्षा ही की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटेच आले, चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या टीम्समध्ये नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथे लोक चुका सांगायला घाबरत नव्हते, म्हणून त्या दिसत होत्या. दुसरीकडे आळीमिळी गुपचिळी. पुढे १९९९ मध्ये त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर सविस्तर मांडणी केली.

रिमोटमध्ये ही सुरक्षितता तयार व्हायला जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव. कारण समोर असताना आपण शंभर वेळा बघतो की अमुक माणसाने बावळट प्रश्न विचारला आणि कोणी त्याला हसलं नाही. स्क्रीनवर ते बघायलाच मिळत नाही, कारण सगळे बावळट प्रश्न पर्सनलवर जातात!! म्हणून मी एक करते, मला स्वतःला जे माहीत नाही ते मी मुद्दाम ग्रुपवर विचारते, अगदी साधं असलं तरी. लीडलाच माहीत नाही म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपते. नियम करून जे झालं नाही ते यातून हळूहळू व्हायला लागलं.

सुकाणू:

वरच्या सगळ्या प्रतिसादांत एक गृहीत धरलंय की लोकांना सांगायचंच असतं. माझं मत थोडं वेगळं आहे. पुष्कळ लोकांना सांगायचं नसतं, आणि त्याला कारणं असतात.

मी कॉन्ट्रॅक्टवर काम करतो. टीम तीच, कॉल तेच, पण प्रोजेक्ट संपलं की आमच्यातले कोण राहणार आणि कोण जाणार ते कोणालाच माहीत नसतं. अशा वेळी तुम्ही म्हणता सगळं विकीवर लिहून ठेवा. म्हणजे माझ्याकडे जे आहे ते काढून घ्या आणि मग मला जा म्हणा. मी हे रागाने नाही म्हणत, पण केटी सेशन (आपल्याकडची माहिती दुसऱ्याला सोपवायची बैठक) लावलं की कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या पोटात गोळा येतो तो काही उगाच नाही.

मुद्दाम माहिती दडवण्यावर संशोधनही झालंय. कॅथरिन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले होते. एक, माहीत असून माहीत नाही असं दाखवणं, म्हणजे आपलं वेड पांघरून पेडगावला जाणं. दोन, अर्धवट सांगणं किंवा "नंतर सांगतो" म्हणून टोलवत राहणं. तीन, कारण देऊन नाही म्हणणं, "हे गोपनीय आहे, मला सांगता येणार नाही", आणि हे तिसरं खरंही असू शकतं. तिन्ही बाबतीत जो मागतो त्याच्यावर विश्वास नसणं हे मोठं कारण निघालं. ऑनलाईन तर हे फारच सोपं आहे, मेसेज बघितलाच नाही असं म्हणायचं, ताकास तूर लागू द्यायचा नाही, कोण विचारणार?

अप्रेझलमध्ये कोणी किती टिकेट्स बंद केली हे मोजतात. दुसऱ्याचं टिकेट बंद व्हायला माझी दोन तासांची मदत झाली ते कुठे मोजलं जातं? जोवर हे बदलत नाही तोवर बाकीचे उपाय वरवरचे.

अबोली_क:

सुकाणू, पटलं. माझ्या टीममध्ये सगळे कायमस्वरूपी आहेत म्हणून ही बाजू माझ्या डोळ्यांसमोर कमी येते. पण तुमचं वाचल्यावर वाटतंय की हेही शेवटी महाग-स्वस्तच आहे, फक्त विचारणाऱ्याऐवजी सांगणाऱ्याच्या बाजूने. आणि ती किंमत नोकरीची असेल तर दीपमाळ म्हणतात तसं मोकळं वातावरण कितीही केलं तरी पुरणार नाही हे मान्य. अप्रेझलचा मुद्दा मी आमच्याकडे नक्की मांडणार आहे.

गवतफूल:

आता सविस्तर लिहिते. मी आयटीत नाही, आम्ही काही लोक वेगवेगळ्या गावांतून मिळून पाठ्यसाहित्याचं भाषांतर करतो. आमचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे शांतता.

एक उदाहरण. विज्ञानाच्या एका धड्यातल्या परिभाषेबद्दल मी ग्रुपवर लिहिलं की हा शब्द बदलूया का, आणि पर्याय दिला. दोघांनी हो म्हटलं, तिसरीने काहीच लिहिलं नाही. मी धरून चालले की तिची हरकत नाही. दुसऱ्या बाईंना वाटलं की ती नाराज आहे. तिसरीच्या घरी प्रत्यक्षात दवाखान्याची धावपळ सुरू होती, तिने मेसेज वाचलाच नव्हता, आणि ती जुनाच शब्द वापरून पुढचे धडे करत होती. एका गप्प बसण्याचे तीन अर्थ, आणि एकच पुस्तक दोन परिभाषांमध्ये. शेवटी सगळं परत तपासावं लागलं.

नंतर मला कॅथरिन क्रॅम्टन यांच्या २००१ मधल्या अभ्यासाबद्दल कळलं. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांमधले विद्यार्थी लांबून एकत्र काम करत होते, त्यांच्या टीम्समध्ये काय बिघडतं ते त्यांनी बघितलं. समोरच्याची परिस्थिती माहीत नसणं, माहिती सगळ्यांपर्यंत सारखी न पोचणं, कुठला मुद्दा महत्त्वाचा यावर वेगवेगळे समज, प्रत्येकापर्यंत माहिती पोचण्याचा वेग वेगळा, आणि शांततेचा अर्थ न लागणं. त्यात सगळ्यात वाईट भाग हा की परिस्थिती दिसत नसली की आपण दोष माणसाला देतो. नेट बंद होतं असं मनात येत नाही, आळशी आहे असं येतं.

आम्ही आता एकच केलंय. मेसेज वाचला पण विचार करायला वेळ हवा असेल तर तसं लिहायचं, "वाचलं, परवा सांगते". आणि निर्णयाच्या मेसेजवर सगळ्यांचं उत्तर आल्याशिवाय तो निर्णय धरायचा नाही. एवढ्याने अर्धी भांडणं कमी झाली.

ध्रुवतारा:

गवतफूल यांच्या परिभाषेच्या किश्शावरून मंगळयान आठवलं, नासाचं, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. सप्टेंबर १९९९ मध्ये ते मंगळाजवळ पोचताना नष्ट झालं. यान बांधणारी लॉकहीड मार्टिनची टीम एकीकडे आणि दिशा ठरवणारी जेपीएलची (नासाच्या प्रयोगशाळेची) टीम दुसरीकडे. एका सॉफ्टवेअरमधून धक्क्याचे (आवेगाचे) आकडे पाउंड-सेकंदात जात होते, घेणाऱ्यांना वाटत होतं न्यूटन-सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार पटींचा फरक.

एककांची गफलत सगळ्यांना माहीत असते, पण या धाग्याच्या दृष्टीने पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आकडे जुळत नाहीयेत हे यानाच्या प्रवासादरम्यान काही लोकांच्या लक्षात आलं होतं, पण ती शंका ठरलेल्या औपचारिक पद्धतीने नोंदवलीच गेली नाही, ती इकडच्या तिकडच्या बोलण्यातच राहिली. चौकशीच्या अहवालात टीम्समधल्या अपुऱ्या संवादावर स्पष्ट बोट ठेवलंय. म्हणजे माहिती संस्थेत होती. जिथे निर्णय होतो तिथे ती वजनासकट पोचली नाही.

कर्नलकाठ:

ओपन सोर्सवाल्यांचा, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर मिळून बनवणाऱ्यांचा, विषय निघायलाच हवा होता. लिनक्स कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) १९९१ पासून चाललाय, जगभरातले हजारो लोक, बहुतेकांनी एकमेकांना कधी बघितलेलं नाही, आणि चर्चा मुख्यतः मेलिंग लिस्टवर, म्हणजे यादीतल्या सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर. व्हिडिओ कॉल नाही की काही नाही.

तिथे दोन गोष्टी चांगल्या आहेत ज्या कुठल्याही टीमला घेता येतील. पहिली म्हणजे बदल पाठवताना काय बदललं एवढंच लिहून चालत नाही, का बदललं ते त्याच संदेशात लिहावं लागतं, आणि ते कोडबरोबर कायमचं राहतं. दहा वर्षांनी कोणी ती ओळ बघितली तर ती का आहे हे मूळ माणसाला न शोधता कळतं. अबोलीताईंच्या विकीच्या पानाचं दुखणं हेच आहे, ते पान कामापासून वेगळं पडलेलं असतं. कामाच्या जागीच लिहिलेलं टिकतं.

दुसरी, मनमोर यांचा 'कोणाला विचारायचं' हा मुद्दा. कर्नलमध्ये मेन्टेनर्स नावाची एक साधी टेक्स्ट फाईल आहे, कुठल्या भागाचं कोण बघतं आणि त्यासाठी कुठल्या लिस्टवर लिहायचं, एवढंच त्यात. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ च्या सुमारास मांडलं होतं की गटाची स्मरणशक्ती म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत असणं नव्हे, कोणाला काय माहीत आहे हे माहीत असणं. ऑफिसात ते आपोआप होतं. लांब असताना ते लिहूनच ठेवावं लागतं.

आता वाईट बाजू पण लिहितो. त्या लिस्टवर वर्षानुवर्षं फार कडक, कधीकधी अपमान होईल अशा भाषेत उत्तरं दिली जायची आणि चांगली माणसं त्यामुळे सोडून गेली. २०१८ मध्ये खुद्द लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून थोडे दिवस सुट्टी घेतली आणि प्रोजेक्टने वर्तनाचे नवीन नियम स्वीकारले. म्हणजे दीपमाळ यांचं बरोबरच आहे, उघड्यावर चर्चा असणं एवढंच पुरत नाही, उघड्यावर उत्तर कसं मिळतं ते महत्त्वाचं.

रेवा:

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही अजून? आमचे कॉल इंग्रजीत, टीममधल्या निम्म्यांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा. ज्याची जीभ भरभर चालते त्याचे मुद्दे पुढे जातात, आणि आमच्यातली जी मुलगी डेटाबेसमधलं सगळ्यात जास्त जाणते ती मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. वर आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदम बोलतात, "यू गो, यू गो" होतं आणि नेहमी तीच थांबते.

स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांचा १९८५ मधला प्रयोग आहे, गटात चर्चा करताना लोक सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच जास्त बोलतात आणि एखाद्याकडेच असलेली माहिती बाहेरच येत नाही, मग निर्णय चुकतो. हे समोरासमोर बसून होतं. कॉलवर तर विचारूच नका.

आता आम्ही मीटिंगच्या आदल्या दिवशी एक कोरं डॉक्युमेंट उघडतो, प्रत्येकाने त्यात आपलं लिहायचं, चुकीचं इंग्रजी चालेल, मीटिंगची पहिली काही मिनिटं सगळ्यांनी ते गप्प वाचायचं आणि मग बोलायचं. त्या मुलीने पहिल्याच वेळी लिहिलं की डेटाबेसमधल्या ज्या टेबलवर (तक्त्यावर) आम्ही सगळं डिझाईन उभं करणार होतो ते टेबल दुसरी टीम बंद करणार आहे. ही गोष्ट तिला आधीपासून माहीत होती.

मनमोर:

रेवा, फारच छान उदाहरण.

कर्नलकाठ यांच्याशी एका बाबतीत असहमत. सगळं लिहून पोचत नाही. मायकेल पोलानी या विचारवंतांनी १९६६ मध्ये मांडलं की माणसाला शब्दांत सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. लॉगच्या (प्रोग्रामने आपोआप केलेल्या नोंदींच्या) शेकडो ओळींतून जुना माणूस नेमक्या ओळीवर थांबतो ते कसं, हे त्याला स्वतःलाही लिहिता येणार नाही. ते बाजूला बसून बघूनच येतं. रिमोटमध्ये त्याला पर्याय म्हणजे स्क्रीन शेअर करून तासभर त्याला काम करताना बघायचं, आणि त्याने तोंडाने बोलत काम करायचं. केटी सेशनमधल्या पन्नास स्लाइड्सपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. बजेट असेल तर प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच एकदा प्रत्यक्ष भेटावं, शेवटी पार्टीला भेटून काय उपयोग.

सुकाणू:

स्क्रीन शेअरला अनुमोदन, फक्त त्या तासाचा हिशोब टाइमशीटमध्ये धरा म्हणजे झालं. आमच्याकडे टाइमशीटमध्ये तास लिहायला त्याचा वेगळा कोडच नाहीये.

दीपमाळ:

सुकाणू, हे आमच्याकडे करता येण्यासारखं आहे. मी मदतीसाठी वेगळा टाइमशीट कोड मागून बघते, आणि रिव्ह्यूच्या वेळी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, या काळात तुला सगळ्यात जास्त मदत कोणाची झाली. ज्यांची नावं परत परत येतात त्यांच्या अप्रेझलमध्ये ते मोजायचं.

अबोली_क:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज टीममध्ये बोलले. तूर्त दोन गोष्टी ठरल्या. पर्सनलवर प्रश्न आला तर तिथे उत्तर द्यायचंच, विचारणाऱ्याला "ग्रुपवर विचार" म्हणून परत पाठवायचं नाही, पण उत्तर देणाऱ्यानेच तो प्रश्न आणि उत्तर विचारणाऱ्याचं नाव न घालता ग्रुपवर टाकायचं. म्हणजे लिहिण्याचा आणि दिसण्याचा भार नवीन माणसावर येत नाही. सिनियरला हे लगेच पटलं, म्हणाला, "मलाही तेच तेच टाइप करायला लागणार नाही." दुसरं, कोणत्या भागाचं कोणाला विचारायचं याची कर्नलकाठ म्हणतात तशी एक फाईल.

एक प्रश्न उरलाय. विकीची पानं ताजी ठेवायची जबाबदारी कोणाची? सगळ्यांची म्हटलं की कोणीच करत नाही, आणि सिनियरकडे वेळ नाही.

कर्नलकाठ:

शेवटी जो अडला त्याची. जुन्या माणसाला पानातली चूक दिसतच नाही कारण तो पान उघडतच नाही. नवीन माणूस ते वाचत वाचत काम करतो, जिथे अडेल तिथे त्याने जमेल तसं सुधारायचं आणि सिनियरने फक्त तपासून हो म्हणायचं. तुमच्या त्या मुलीला आजच एडिटचा ॲक्सेस आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी नवीन लोकांना तो दिलेलाच नसतो.

अबोली_क:

बघितलं. नव्हता. आत्ताच ॲडमिनला टिकेट टाकलंय, तिला आणि बाकीच्या सगळ्यांनाही.